पावसात बेडसे आणि भाजे लेणी: एका दिवसाच्या सहलीचा अनुभव

मागच्या रविवारी आईला घेऊन ही सहल केली. बेडसे, भाजे आणि कार्ला अशी तीन ठिकाणची लेणी एका दिवसात, सकाळी चिंचवडहून बस, माणशी १४०० रुपये, त्यात नाश्ता, जेवण आणि गाईड, लेण्यांचं तिकीट वेगळं. ग्रुपवर फोटो टाकले तेव्हापासून सगळ्या विचारतायत कसं होतं, पैसे वसूल झाले का, वयस्कर माणसांना जमेल का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. गाईडला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. बाकी व्यवस्थेत गडबड होती ती पण सांगते, आणि कार्ला झालंच नाही, ते पण सांगते.

आधी आम्ही भर पावसात का गेलो ते. आई दरवर्षी वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात जाते, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, तीन महिने एक दिवस चुकवत नाही. यंदा घरी आल्यावर एकदा म्हणाली, भिक्खू पावसाळ्यात लेण्यात राहायचे ना, मग आपण दरवेळी डिसेंबर-जानेवारीत का जातो बघायला? मला उत्तर सुचलं नाही. आठवड्यातच या सहलीची जाहिरात दिसली, 'वर्षावास विशेष' असं लिहिलेलं, लगेच दोन सीट बुक केल्या.

बस साडेसहाची होती, आली सात वाजून वीस मिनिटांनी. पन्नास मिनिटं आम्ही सगळे पावसात एका बंद दुकानाच्या शटरखाली उभे, कोणाचा फोन नाही, मेसेज नाही. दिवसाच्या शेवटी ही पन्नास मिनिटंच कमी पडली म्हणून पहिल्यांदा तेच लिहिलं.

पण बस सुटल्यावर मूड बदलला. देहूरोड आलं तेव्हा गाईड ताईने माईक घेतला, आणि आईने खिडकीतून हात जोडले कारण बाबासाहेबांच्या हस्ते २५ डिसेंबर १९५४ ला इथल्या विहारात बुद्धमूर्ती बसवली गेली, ते आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. ताईने ते बघितलं आणि म्हणाली, काकू, बरं झालं, इथूनच सुरू करू, विहार म्हणजे मुळात काय. पाली शिकलेली मुलगी, वय तिशीच्या आत असेल, आवाज खणखणीत. तिने राजघराण्यांच्या यादीपासून सुरुवात केली नाही. पावसापासून केली.

सुरुवातीला भिक्खूंना घर नव्हतंच. संघात येताना चार आधार सांगायचे, पालीत निस्सय म्हणतात, त्यात खायला भिक्षेचं अन्न, अंगावर घालायला लोकांनी टाकून दिलेल्या चिंध्यांचं चीवर म्हणजे भिक्खूचं वस्त्र, औषधाला गोमूत्र आणि राहायला झाडाचं मूळ. रुक्खमूल. बस्स एवढंच, बाकी सतत चालत राहायचं. मग लोकांनीच तक्रार केली की बाकीचे पंथवाले पावसाळ्यात एका जागी थांबतात, पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधून थांबतात, आणि हे समण (श्रमण) कोवळं गवत तुडवत, बारीक जीव चिरडत फिरतायत. तेव्हा बुद्धांनी तीन महिने एका जागी राहायचा नियम केला, तोच वस्सावास. मग प्रश्न आला राहायचं कुठे. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, यादीच आहे म्हणे की कुठे वस्सावास करायचा नाही: झाडाच्या ढोलीत नाही, फांद्यांच्या बेचक्यात नाही, उघड्यावर नाही, मढं ठेवायच्या खोपीत नाही, छत्रीखाली नाही, मोठ्या रांजणात नाही. आणि हे सगळं कोणी ना कोणी भिक्खूने खरंच करून बघितलं होतं म्हणून एकेक नियम आला. उलट गवळ्यांच्या वाड्यावर चालेल, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर चालेल, नावेत चालेल, आणि गवळ्यांचा मुक्काम हलला तर भिक्खूनेही त्यांच्याबरोबर हलायचं. आई हे ऐकून मला म्हणाली, रांजणात बसला असेल गं कोणी, किती पाऊस लागला असेल त्याला. ती दिवसभर त्या रांजणातल्या भिक्खूबद्दल बोलत होती.

मग राजगृहाच्या शेठजीची गोष्ट. हा सेट्ठी सकाळी बागेत जाताना बघायचा की भिक्खू जंगलातून, झाडाखालून, डोंगराच्या कपारीतून, मसणातून बाहेर येतायत, आणि चालणं-बघणं इतकं शांत. त्याने विचारलं, मी विहार बांधून दिले तर राहाल का? ते म्हणाले बुद्धांनी अजून परवानगी दिलेली नाही. बुद्धांना विचारलं तर त्यांनी पाच प्रकारच्या लेणांना परवानगी दिली: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय (ही चारही बांधलेल्या घरांची नावं) आणि गुहा. शेठने एका दिवसात साठ विहार उभे केले असं विनयात लिहिलंय. एका दिवसात साठ म्हणजे दगडी नक्कीच नसणार, माती-कुडाच्या एकेका माणसाच्या झोपड्याच असणार. म्हणजे सुरुवातीला विहार म्हणजे एका भिक्खूची खोली, पुढे त्याच शब्दाने सगळी इमारत ओळखली जायला लागली.

आणि मला सगळ्यात भिडलं ते पुढचं. या पाचही प्रकारांना मिळून पालीत जो शब्द आहे तो 'लेण'. आसरा, लपायची जागा, निवारा. लेणं म्हणजे कोरलेली गुहा असंच मला आजपर्यंत वाटायचं. मुळात दगडाशी संबंधच नाही त्या शब्दाचा, गवताची झोपडीपण लेणच. महाराष्ट्रात ती डोंगरात कोरली म्हणून आपल्या भाषेत शब्द दगडाला चिकटला. शिलालेखांतही हाच शब्द आहे, नाशिकच्या १९ नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा कण्हाच्या काळातला लेख आहे, नाशिकच्या महामात्राने, म्हणजे राजाच्या मोठ्या अधिकाऱ्याने, 'लेण कारित' म्हणजे लेणं करवलं म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द आणि आपण तो रोज जसाच्या तसा वापरतो.

कामशेतला नाश्ता केला, पोहे थंड होते, चहा चांगला. तिथून पवनानगरच्या रस्त्याने बेडसे. दोन्ही बाजूंना भात लावणी चालू, गुडघाभर चिखलात बायका वाकलेल्या, डोंगर पूर्ण ढगात. पहिलं बेडसे का ठेवलं तर ही लेणी पूर्वेकडे तोंड करून आहेत आणि भाजे पश्चिमेकडे, म्हणजे सकाळी इथे उजेड आत येतो आणि दुपारनंतर तिथे. ढग असूनही फरक कळत होता, प्लॅनिंग करणाऱ्याला याचे मार्क द्यायलाच पाहिजेत.

आता पायऱ्या. बेडसेला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि जाहिरातीत याचा उल्लेखच नाही, 'सोपी चढण, सर्व वयोगटांसाठी' एवढंच होतं. आईचे गुडघे दुखतात, तिला चढायला पाऊण तास लागला, दगडांवर शेवाळ. ग्रुप पुढे गेला, मागे कोणी थांबलं नाही, आम्ही दोघी आणि एक रिटायर्ड काका हळूहळू वर. ताईला वर गेल्यावर लक्षात आलं, ती परत खाली आली, आईचा हात धरून शेवटच्या शंभर पायऱ्या चढवल्या. पण हे तिचं काम नव्हतं, मागे एक माणूस आयोजकांनी ठेवायला हवा होता.

वर पोचल्यावर चैत्यगृहासमोर, म्हणजे आत स्तूप असलेल्या वंदनेच्या दालनासमोर, खडकाचा मोठा भाग तसाच सोडलेला आहे, मधून अरुंद वाट, आणि त्या वाटेतून आत गेलं की एकदम ते उंच खांब डोक्यावर येतात, वर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. खांबांचे फोटो सगळे टाकतात, मी पण टाकलेत, त्यावर जास्त लिहीत नाही. ओसरीतल्या एका खोलीच्या दारावर लेख आहे, नाशिकच्या आनंद शेठचा मुलगा पुसणक याचं दान. कुठे नाशिक कुठे बेडसे. 'ही पांडवांनी एका रात्रीत कोरली ना?' असं एकाने विचारलं, तर ताईने त्याला त्या अक्षरांखाली उभं केलं आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. ना-सि-क-तो. नाशिकहून. त्या माणसाने नंतर दिवसभर प्रत्येक ठिकाणी विचारलं, इथे कोणाचं नाव आहे?

माझ्यासाठी बेडसेची खरी गोष्ट म्हणजे शेजारचा विहार. साधारण विहार कसा असतो, मधे चौकोनी दालन आणि तिन्ही बाजूंना खोल्या, जसा जुना चौसोपी वाडा. त्यामागचा विचार पण ताईने समजावला: आधी डोंगरात सुट्या सुट्या एकेकट्या खोल्या, मग दोन-तीन खोल्यांना एक ओसरी, मग मधे सामायिक दालन, कारण पावसाळ्याचे तीन महिने एकत्र काढायचे तर पातिमोक्ख म्हणजे भिक्खूंच्या नियमांची यादी एकत्र म्हणायची, चर्चा करायची, त्याला छताखाली जागा पाहिजे. अजिंठ्याला पाचव्या शतकात जे विहार झाले त्यांच्यात मागच्या भिंतीत बुद्धमूर्तीचं गर्भगृह आलं, त्याआधीच्या या लेण्यांत ते नाही, नुसतं राहायचं घर. पण बेडसेचा विहार चौकोनी नाहीच. मागची बाजू अर्धगोल, वर कमानीसारखं छत, अगदी चैत्यगृहाच्या आकाराचा, आणि भिंतीत सगळीकडून खोल्यांची दारं. असा विहार दुसरीकडे बघायला मिळणं कठीण. जिथे स्तूप असायला हवा तिथे माणसं राहतात, असं मला आत उभं राहून वाटलं. बाहेर पाऊस जोरात होता आणि आत फक्त त्याचा आवाज, घुमून येणारा. ताईने सगळ्यांना दहा मिनिटं गप्प बसायला सांगितलं, बसायचं आणि पाऊस ऐकायचा, बस्स. अठ्ठावीस माणसं गप्प बसली. कोणी फोन काढला नाही.

त्या शांततेनंतर तिने सांगितलं की बिहारमधल्या बराबर आणि नागार्जुनी टेकड्यांत आपल्याकडची सगळ्यात जुनी कोरीव लेणी आहेत, बराबरची अशोकाच्या काळातली, आजीवक नावाच्या दुसऱ्या पंथाच्या साधूंना दिलेली, आणि नागार्जुनीची अशोकाचा नातू दशरथ याने दिलेली, त्याच्या लेखात शब्द आहे 'वाषनिषिदिया', पावसाळ्यात बसून राहायची जागा. म्हणजे ती बौद्धांची नसली तरी कारण तेच. पाऊस.

बेडसेतली दोन नावं मी आल्यावर वहीत लिहून ठेवलीत. एक सामडिनिका. पाण्याच्या टाक्याजवळ लेख आहे, महाभोजाची मुलगी, महारठिनी (महाभोज, महारठी या तेव्हाच्या सरदारांच्या पदव्या), आपदेवणकाची बायको, हिने हे टाकं दान दिलं. एका बाईने डोंगरात पाणी दिलं आणि नाव कोरून ठेवलं. आई त्या टाक्याजवळ बराच वेळ उभी होती. टाक्याचं तोंड लहान चौकोनी, आत खडकात किती लांब गेलंय दिसत नाही, पाणी काठोकाठ. पावसाळ्यात राहायला आले तरी पुढच्या आठ महिन्यांचं पाणी त्याच पावसाचं साठवलं, म्हणून मग काही जण वर्षभर राहू शकले असतील, हे मला तिथे उभं राहून समजलं. टाक्याला तेव्हाचा शब्द 'पोढी'.

दुसरं नाव गोभूति. एका लहान स्तूपापाशी लेख आहे, गोभूति नावाचे भिक्खू, आरणक आणि पेंडपातिक, म्हणजे अरण्यात राहणारे आणि फक्त भिक्षेवर जगणारे, त्यांच्यासाठी त्यांच्या शिष्याने, असाळमिताने, हा थूप म्हणजे स्तूप करवला. इतकं सुंदर दगडी घर शेजारी, आणि ज्याची आठवण इथे ठेवली तो माणूस जंगलात राहणारा म्हणून ओळखला जात होता. म्हणजे घरं आली तरी झाडाखालच्या राहण्याचा मान संघात गेला नव्हता.

जेवण गावातल्या एका घरी, पिठलं, तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा भात, ठेचा, गरम गरम. याला तक्रार नाही, वाढणाऱ्या ताईंनी आईसाठी पाटाऐवजी खुर्ची आणली. फक्त इतक्या बायका असताना बाथरूमची सोय एकच, आणि ती रांग अर्धा तास. आयोजकांनी हे आधी बघायला पाहिजे.

भाज्याला पोचलो तेव्हा सव्वातीन. इथे तिकीट काढून वर जायचं, पायऱ्या बेडसेपेक्षा कमी. पण रविवार आणि पाऊस म्हणजे मळवली स्टेशनपासून गर्दी, धबधब्याला आलेली पोरं, स्पीकर, गाड्यांच्या रांगा. बुद्धांचा श्रीमंत उपासक अनाथपिंडिक सावत्थीजवळ (श्रावस्ती) विहारासाठी जागा शोधत होता, जिथे पुढे जेतवन विहार झाला, तेव्हा त्याने काय बघितलं हे विनयात दिलंय: गावापासून फार लांब नाही, फार जवळ नाही, जायला-यायला बरी, दिवसा गर्दी नाही, रात्री आवाज नाही. बेडसे आजपण या मापात बसतं. भाजे रविवारी नाही बसत. आयोजकांना विनंती आहे की ही सहल शनिवारी किंवा आडवारी ठेवा, सुट्टी काढून येणारे येतील.

तरी भाज्याचं चैत्यगृह बघितल्यावर सगळे गप्पच झाले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं, पश्चिम भारतातल्या सगळ्यात जुन्या चैत्यगृहांपैकी. वर बघा म्हणाली ताई. छताला लाकडी कमानी आहेत, खऱ्या लाकडाच्या, जुन्या. छत दगडाचं आहे, त्याला लाकडाच्या आधाराची काही गरज नाही. मग खांब बघा, खाली बाहेर आणि वर आत झुकलेले, कारण लाकडी इमारतीत छताचा दाब बाहेर ढकलतो म्हणून खांब आत कलते लावायचे. दगडात तसा दाबच नाही, तरी झुकवले. समोरची बाजू आता मोकळी आहे पण खडकात खाचा दिसतात, तिथे लाकडी दर्शनी भाग बसवलेला होता. म्हणजे कोरणाऱ्यांच्या डोळ्यासमोर लाकडाचं घर होतं, त्यांनी डोंगरात लाकडाचं घर कोरलं. ती लाकडाची, कुडाची घरं सगळी गेली, एकही उरलं नाही, आणि ती कशी होती हे कळायचं तर या दगडात बघायचं. मी दहा वर्षांपूर्वी इथे आले होते, तेव्हा या लाकडाकडे माझी मानसुद्धा वर गेली नव्हती.

इथेच तिने धनियाची गोष्ट सांगितली. धनिय हा कुंभाराचा मुलगा, राजगृहाजवळ इसिगिली डोंगराच्या उतारावर भिक्खूंनी गवताच्या कुट्या करून वस्सावास केला, तीन महिने झाल्यावर सगळ्यांनी कुट्या मोडल्या, गवत-लाकूड नीट ठेवलं आणि निघून गेले. धनिय तिथेच राहिला. तो भिक्षेला गेला की गवत-लाकूड गोळा करणाऱ्या बायका त्याची कुटी मोडून न्यायच्या, असं तीनदा झालं. शेवटी त्याने आपलं घराण्याचं काम केलं, अख्खी कुटी मातीची केली, गवत, शेण, लाकडं लावून भाजली. लालबुंद, मृगाच्या किड्यासारखी, आणि टिचकी मारली की घुंगरासारखा आवाज. बुद्धांनी बघितली आणि मोडायला सांगितली, भाजताना किती जीव मेले असतील म्हणून. मग त्याने राजा बिंबिसाराच्या दुरुस्तीसाठी ठेवलेली लाकडं उचलून आणली आणि त्यावरून न दिलेलं घ्यायचं नाही हा मोठा नियम आला. एका पक्क्या घरासाठी माणूस कुठपर्यंत गेला बघा. ताई म्हणाली, कुटीचं मापसुद्धा ठरवून दिलं होतं, बारा वीत लांब, सात वीत रुंद, बुद्धांच्या विती धरून, आणि तेसुद्धा आळवी गावच्या भिक्खूंनी कुट्या बांधायला लोकांकडे इतकं सामान मागितलं की लोक भिक्खू दिसला की रस्ता बदलायला लागले, तेव्हा.

मग एका साध्या विहारातल्या खोलीत आम्ही एकेक करून आत गेलो. हे नीट लिहिते कारण बहुतेक लोक दारातून डोकावून पुढे जातात. दार इतकं ठेंगणं की मला वाकावं लागलं. चौकटीत खाली-वर खोबण्या, त्यात लाकडी दार फिरायचं. आत एका बाजूला भिंतीतूनच कोरलेला ओटा, तो बिछाना. मी त्यावर बसले. दगड थंड आणि ओलसर, पण टोचत नाही, कडा गुळगुळीत झाल्यात. पाठ भिंतीला लावली की दारातून बरोबर बाहेरचा पाऊस दिसतो, तेवढाच, एका चौकटीत. दुसरं काही नाही. विनयात एकेका गोष्टीची परवानगी कशी येत गेली ते ताई दारात उभी राहून सांगत होती. विहाराला दार नव्हतं, दार आलं, मग कडी, मग किल्लीचं भोक. जमिनीवर झोपले तर साप, म्हणून मंचक. खिडक्या तीन प्रकारच्या, कठड्याची, जाळीची, गजांची. चीवर वाळत टाकायला बांबू आणि दोरी. भिंतीला पांढरा रंग, गेरू. प्रत्येक वस्तूमागे कोणीतरी भिक्खू अडचणीत आलेला. मी त्या ओट्यावर बसून हे ऐकत होते आणि मला ती खोली एकदम राहती वाटायला लागली.

सूर्य आणि इंद्र म्हणून जी शिल्पं प्रसिद्ध आहेत ती दक्षिणेकडच्या विहारात, तिथे गर्दीमुळे पाचच मिनिटं मिळाली. चौदा स्तूपांपाशी जास्त वेळ थांबलो. इथले काही स्तूप इथल्याच थेरांच्या म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या आठवणीचे, नावं कोरलेली, धमगिरि, संघदिन. म्हणजे पावसाळ्यापुरते आलेले लोक पुढे इथेच म्हातारे झाले आणि इथेच राहिले. इथल्या टाक्यावर पण दात्याचं नाव आहे, महारथी कोसिकीपुत विण्हुदत, 'देयधम पोढी', म्हणजे धर्मदान दिलेलं टाकं. आईने बेडसेच्या सामडिनिकेची आठवण काढली, म्हणाली एक तिकडे पाणी देतेय एक इकडे.

पाच वाजता खाली आलो आणि ट्रॅफिकमध्ये अडकलो. गाडी हलेना. सहाला आयोजकांनी सांगितलं कार्ला रद्द. बसमध्ये नाराजी झाली, मी पण बोलले, कारण तीन ठिकाणचे पैसे घेतले होते. पुढच्या सहलीत २०० रुपये सवलत देतो म्हणाले. मला वाटतं पैसे परत द्यायला हवे होते, सवलत म्हणजे परत बुक केलं तरच.

पण अडकलेल्या त्या वेळात ताई थकली नाही. कार्ल्याचं जुनं नाव वलुरक, तिथल्या लेखात उसवदाताने (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) करजिक गाव दिलं ते तिथल्या लेण्यांत राहणाऱ्या आणि वस्सावास करणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी. आणि नाशिकला १० नंबरच्या लेण्यात त्याच उसवदाताचा लेख, विणकरांच्या श्रेणीकडे म्हणजे संघटनेकडे २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव, महिन्याला शेकडा एक व्याज, मुद्दलाला कायमचा हात लावायचा नाही, अक्षयनीवि. त्या व्याजातून माझ्या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण कपड्यासाठी. ताईने आम्हाला हिशेब करायला सांगितला. महिन्याचे वीस, वर्षाचे २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, २४०. एक पैसा इकडे तिकडे नाही. त्या रिटायर्ड काकांनी, बँकेत होते, दोनदा करून बघितलं. झाडाखाली राहणाऱ्यांची व्यवस्था पाचसहाशे वर्षांत विणकरांकडच्या ठेवीपर्यंत आली होती, आणि तरी पैसे द्यायचे कोणाला तर पावसाळ्यात इथे राहील त्याला.

चिंचवडला पोचलो रात्री साडेनऊला, सांगितलं होतं आठ.

तर हिशेब असा. गाईडसाठी पाच स्टार, खरं तर तिच्यासाठीच १४०० रुपये द्यावेत. ठिकाणांचा क्रम, बेडसेचा वेळ, जेवण, उत्तम. वेळ पाळणं, पायऱ्यांची खरी माहिती, मागे एक माणूस, बाथरूम, रविवार टाळणं, हे सगळं सुधारायला हवं, आणि तीन ठिकाणं एका दिवसात होत नाहीत हे मान्य करून दोनच ठेवा. हातात दिलेलं माहितीपत्रक सगळं इंग्रजीत होतं, अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस माणसं मराठी, पुढच्या वेळी मराठीत छापा, लेखांची अक्षरं आणि अर्थ दिले तर अजून चांगलं. आईने ते पत्रक उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडून सामडिनिका, गोभूति, धनिय अशी नावं लिहून घेतली. विहारात सांगणार आहे म्हणाली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: चांगल्या ग्रिपचे बूट घाला, चपला नको. छत्रीपेक्षा रेनकोट, पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. गुडघ्याचा त्रास असेल तर भाजे जमेल, बेडसेला काठी घेऊन आणि वेळ घेऊन. छोटा टॉर्च न्या, खोल्यांच्या आत अंधार असतो. आणि अश्विन पौर्णिमेच्या आत जा.